उकिरड्याचंही दैव उघडतं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरची ज्येष्ठ महाराज मंडळी, दिंडीचे विणेकरी, चोपदार, पखवाजी, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माउल्या, पहाटे तीनला चूल पेटवणारी आचारी मंडळी आणि सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतून आलेले भाविक हो, तुम्हा सगळ्यांच्या चरणी आमचा दंडवत.

दिंडीला शंभर वर्षं झाली. मागच्या शंभर वर्षांचं सगळ्यांनी गोड वर्णन केलं. पहिली पताका कुणी धरली, विणा कुणाच्या गळ्यात पडली, दुष्काळातसुद्धा वारी कशी चुकली नाही, हे ऐकून डोळ्यांना पाणी आलं. आम्ही मात्र पुढच्या वाटेवरचं बोलणार आहोत. आमची शाळा चौथीपर्यंत. त्याच्या पुढचं शिकलो ते रानात आणि वारीत. तेव्हा जे सांगू ते हाताला शेण लागलेल्या माणसाचं म्हणून ऐकून घ्या. विषय आहे कचरा. हसू नका माउली. देवाच्या दारात हा विषय काढायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. ज्या गाडगेबाबांनी दिवसा खराट्यानं गाव झाडलं आणि रात्री कीर्तनानं माणसाचं मन झाडलं, त्यांच्या महाराष्ट्रात आपण बसलोय.

आपले वाडवडील कचरा म्हणत नव्हते, उकिरडा म्हणत होते. या दोन शब्दांत फार अंतर आहे. उकिरड्याला घरात मान होता. दिवाळीत तुळशीपुढं पणती, गोठ्यात पणती, तशी उकिरड्यावरही एक पणती ठेवायची. कारण त्यातूनच पुढच्या साली जोंधळा उभा राहायचा. भाजीची देठं म्हशीला, शिळी भाकरी गाईला, खरकटं कुत्र्या-कोंबड्यांना, राख भांड्याला, आणि उरलेलं उकिरड्याला. फेकून द्यावं असं घरात काही निघतच नव्हतं. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात, पण शेतकऱ्याच्या घरी ते दर वैशाखात उघडत होतं.

आणि जळण? गुऱ्हाळ आठवा. उसाचा रस काहिलीत, आणि त्याच उसाची चिपाडं चुलवाणात. गुळाला लागणारा जाळ उसानंच द्यायचा. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले साखर कारखाने तेच करतात, चिपाडाला बगॅस म्हणतात आणि त्यावर वीज काढतात. म्हणजे टाकाऊतून जाळ काढणं ही परदेशातून आलेली विद्या नव्हे.

जनाबाईंची कथा तुम्ही आमच्याकडून दहा वेळा ऐकली असेल. कबीर पंढरीला जनाबाईंना भेटायला आले, तर त्या दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होत्या. कबीरांना वाटलं, हीच का ती मोठी संत? मग जनाबाई म्हणाल्या, गोवऱ्या कानाला लावून बघा, जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. आम्ही कीर्तनात या कथेवर नामाचा महिमा सांगतो. आज एक दुसरी गोष्ट दाखवतो. जनाबाई कशासाठी भांडत होत्या? शेणासाठी, जळणासाठी. ज्यातून चूल पेटते ते संतांनी हलकं मानलं नाही.

मग बिघडलं कुठं? गुरं कमी झाली. दावणीला आठ होती तिथं दोन राहिली, कुणाकडं एकही नाही. घरात प्लॅस्टिक आलं. देठं, साली, खरकटं, पिशव्या, बाळाचे लंगोट, औषधाच्या बाटल्या, सगळं एका बादलीत पडायला लागलं. आपण काल्याच्या कीर्तनाला दही, लाह्या, पोहे एकत्र करतो, तो काला गोड. पण हा कचऱ्याचा काला म्हणजे विष. त्यातली देठं म्हशीला देता येत नाहीत, कारण त्यात पिशवी. पिशवी भंगारवाला घेत नाही, कारण तिला आमटी लागलेली. एकत्र केलं आणि दोन्ही वाया गेलं.

आता गाव काय करतं? घंटागाडी फिरते, कचरा गायरानात नाहीतर ओढ्याकाठी जातो, खड्डा काढतात आणि वर माती ओढतात. डोळ्याआड गेलं की संपलं असं वाटतं. पण माउली, मातीखाली गेलं म्हणून ते गप्प बसत नाही. ओला कचरा हवा न लागता सडला की त्यातून गॅस तयार होतोच. आपण खड्ड्याला तोंड ठेवलं नाही, म्हणून तो फटीतून वर येतो आणि एखादी ठिणगी पडली की खड्डा आतून धुमसायला लागतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईत देवनारचा कचऱ्याचा डोंगर असाच पेटला, आणि धुरामुळं शाळा बंद ठेवायची वेळ आली. हा गॅस न जळता आभाळात गेला तरी वाईटच. त्यातला मिथेन आपल्या चुलीच्या धुरातल्या कर्बवायूपेक्षा पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. पाऊस लहरी झाला म्हणून आपण रडतो, त्याला असे खड्डेसुद्धा कारण आहेत. आणि खाली काय होतं? पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपतं, काळं होतं, आणि उताराला असलेल्या विहिरीला जाऊन मिळतं. ज्या विहिरीचं पाणी आपण अभिषेकाला भरतो, तिच्या वरच्या अंगाला आपणच खड्डा मारायचा, हे कुठल्या धर्मात बसतं?

जो गॅस मातीखाली आग लावतो, तोच झाकणाखाली धरला तर भाकरी भाजतो. फरक एवढाच. गोबर गॅसची टाकी म्हणजे हवा न लागणारं पोट. गाईच्या पोटात जे जिवाणू चारा पचवतात, तसलेच शेणातून या टाकीत येतात. दुधाला विरजण लागतं, तसं टाकीला पहिल्यांदा शेणाचं विरजण लागतं. ते लागलं की रोज थोडं खायला घालायचं, वरून गॅस, बाजूनं स्लरी. गॅस निळ्या ज्योतीनं जळतो, भांड्याला काजळी धरत नाही. स्लरी रानाला. त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश कुठं जात नाही. म्हणजे जाळही मिळाला आणि खतही राहिलं. गोवरी जाळली तर खत वाया जातं, इथं तसं होत नाही.

हे आपल्याकडं नवीन नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस काढला होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं सोनखत आणि गोबर गॅस यांचा ध्यास घेतला. आणि वारकऱ्यांनी तर डॉक्टर सुहास मापुसकरांचं नाव तुकोबारायांच्या देहूच्या वाटेवर आठवावं. हा डॉक्टर देहूच्या दवाखान्यात आला, आणि बघितलं की गोळ्या देऊन उपयोग नाही, रोग उघड्यावर बसण्यात आहे. त्यांनी अप्पासाहेबांचा विचार धरला, घरोघर संडास बांधायला लावले, आणि संडासाला जोडायची 'मलप्रभा' नावाची गॅसची टाकी बनवली. सगळं आयुष्य देहूला दिलं. २०१५ साली ते गेले, आणि २०१७ साली सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. ज्या गावातून पालखी निघते त्या गावात, ज्याचं नाव घ्यायलाही माणूस नाक मुरडतो, त्यातून ज्योत पेटली. यापेक्षा मोठा दृष्टांत आम्हाला सुचत नाही.

दुसरं नाव आपल्या जवळचं. डॉक्टर आनंद कर्वे. त्यांनी बरीच वर्षं फलटणला शेतीसंशोधनाचं काम केलं. पुढं पुण्यात 'आरती' नावाची संस्था काढली, तिचं एक केंद्र फलटणलाच. बघा, संस्थेचं नावच आरती! त्यांनी साधा विचार केला. शेण म्हणजे जनावरानं पचवून उरलेला चोथा, त्यातलं सत्त्व गाईनं आधीच घेतलेलं. मग त्या जिवाणूंना चोथा घालण्यापेक्षा अन्नच घातलं तर? शिळा भात, भाकरीचे तुकडे, नासकी फळं, पिठाची चाळ, असलं पिठूळ-गोड त्यांना दिलं. तर जो गॅस शेणापासून व्हायला चाळीस दिवस लागायचे, तो एक-दोन दिवसांत व्हायला लागला. पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, एक मोठी, तिच्यात दुसरी जरा लहान उपडी. गॅस झाला की वरची उचलते, वापरला की खाली बसते. २००६ साली या कामाला इंग्लंडातला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्याच्या आधी २००२ साली उसाच्या पाचटापासून कोळसा करायच्या कामालाही तोच पुरस्कार मिळाला होता. आणि आपण ऊस गेला की पाचट पेटवून देतो!

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्याकडं गोबर गॅसची जुनी टाकी आहे. आमच्या थोरल्या वहिनींनी त्या टाकीपायी धूर सुटला म्हणून बांधणाऱ्या गवंड्याला सणाला पोळी वाढलेली आम्हाला आठवते. पुढं गुरं विकली, टाकी अर्धपोटी राहिली, ज्योत बारीक झाली. सून म्हणाली, "नानासाहेब, शेण कमी पडतंय तर खरकटं घालून बघू की." आता दोन जनावरांचं शेण, घरातली देठं-साली आणि भावकीतल्या चार घरांच्या बादल्या, असं मिळून सकाळचा चहा, भाकरी आणि एक कालवण होतं. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा सिलिंडर लावतो. खोटं कशाला बोला.

हिशोब समजून घ्या, म्हणजे उगीच कुणी मोठ्या आशेवर बसणार नाही. साधारण दहा किलो ओल्या कचऱ्यापासून एक घनमीटर गॅस धरा. एक घनमीटर म्हणजे सिलिंडरमधला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गॅस. म्हणून एका घराच्या कचऱ्यावर एका घराची चूल चालत नाही, चहा होतो. पण चाळीस घरांचा मिळून तीस किलो कचरा आणि चार-पाच जनावरांचं पन्नास किलो शेण रोज पडलं, तर पाच घनमीटर गॅस निघतो. महिन्याला चारांहून जास्त सिलिंडर झाले. एकट्यानं म्हटलेला अभंग आणि दिंडीनं म्हटलेला अभंग यात जो फरक, तोच इथं आहे.

काहीजण म्हणतील, एवढी खटपट कशाला, सगळा कचरा मोठ्या भट्टीत जाळून वीज करा. स्वीडनसारख्या थंड देशांत करतात, कचरा कमी पडला तर शेजारच्या देशांतून आणतात. पण त्यांचा कचरा सुका, आपला ओला. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला असला कारखाना बांधला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला, कारण कचरा पेटतच नव्हता. ओल्या लाकडावर भाकरी होत नाही, हे आमच्या घरातल्या बायकांनी फुकट सांगितलं असतं. तेच इंदूरनं ओला कचरा घरातूनच वेगळा घेतला, आणि २०२२ साली रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा कारखाना सुरू केला. त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. तिमारपूरला ओलं-सुकं एकत्र होतं, इंदूरला वेगळं होतं. सगळी किल्ली तिथं आहे.

आणि वेगळं करायची शिस्त आपल्या माणसांत नाही असं कुणी म्हणू नये. छोट्या शहरांच्या स्वच्छतेत २०२० साली देशात पहिलं आलं आपलं कराड, २०२१ साली विटा, आणि २०२२ साली पाचगणी. लागोपाठ तीन वर्षं, तिन्ही आपल्याच दोन जिल्ह्यांतली. ग्रामस्वच्छता अभियान गाडगेबाबांच्या नावानं २००० साली सुरू केलं ते आर. आर. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गाडगेबाबांच्या नावाचं कॉलेज कराडला कर्मवीरअण्णांच्या रयतनं १९५४ सालीच काढलं. एवढी पुण्याई आपल्या मातीत आहे. मग आपल्या गावाच्या ओढ्याकाठी खड्डा का?

आता वारीचं. एका मुक्कामाला ज्यांच्या रानात राहुट्या होत्या ते शेतकरी सकाळी आम्हाला म्हणाले, "माउली, तुमी आलासा, आमचं रान पावन झालं. पर वारी गेल्यावर नांगर धरला की दरसाल पिशव्या नि द्रोण वर येत्यात, फाळाला गुंडाळत्यात." कुणाच्या दिंडीचं, त्यांनी नाव घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ज्यानं आपल्याला झोपायला रान दिलं त्याच्या रानात आपलं खरकटं पुरून पुढं जायचं, हे वारकऱ्याला शोभत नाही. वारीत टाकी घेऊन चालता येणार नाही. ती एका जागी बसलेली बरी. पण दोन पिंपं स्वयंपाकाच्या ट्रकबरोबर चालू शकतात. एका पिंपात फक्त ओलं. ते मुक्कामाच्या गावात ज्याच्या घरी गोबर गॅस असेल त्याला नाहीतर खताच्या खड्ड्याला द्यायचं. दुसऱ्यात सुकं. ते पंढरपूरपर्यंत न्यायचं नाही, वाटेतल्या नगरपालिकेच्या गाडीला द्यायचं. पत्रावळ पळसाची असली तर तिचं मागं काही राहत नाही, चकचकीत कागदाची असली तर राहतं. आचारी मंडळींनी एवढं मनावर घ्यावं.

आणि गावाचं. शताब्दीच्या वर्गणीतून वेशीवर कमान बांधायचं चाललंय. बांधा, आम्ही आडवे येत नाही. पण आमचं मागणं आहे की आधी देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत चाळीस घरांची गॅसची टाकी बांधावी आणि गॅस शाळेच्या खिचडीच्या चुलीला द्यावा. सप्ताहात आणि भंडाऱ्यात उरलेलं अन्न, देवळातली फुलं, सगळं तिच्यात जाईल. कुणी म्हणेल, देवामागं कचरा? अहो, चोखोबा मेलेली ढोरं ओढायचे आणि देव त्यांच्याबरोबर ढोरं ओढायचा, असं आपणच कीर्तनात सांगतो ना? मग देवळामागं झाकलेली टाकी देवाला चालणार नाही, हे कुणाला कळलं?

टाकीचे नियम थोडेच आहेत, पण पाळायचे. कचरा बारीक करून, तेवढ्याच पाण्यात कालवून घालायचा. लिंबाच्या फोडींचा ढीग, कांद्याची टरफलं, हाडं, नारळाच्या शेंड्या नकोत. साबणाचं आणि फिनेलचं पाणी तर अजिबात नको, त्यानं जिवाणू मरतात. एकदम पोतंभर ओतायचं नाही, टाकीलाही अजीर्ण होतं, आंबते आणि गॅस बंद पडतो. नळीत पाणी साचतं ते अधूनमधून काढायचं. कुजक्या अंड्याचा वास आला की गॅस गळतोय समजायचं, साबणाचा फेस लावून जागा शोधायची, काडी लावून नव्हे. आणि हात जोडून सांगतो, साफ करायला म्हणून कुणीही टाकीत उतरायचं नाही. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. प्लॅस्टिक टाकीत नाही, आणि पाण्याच्या बंबातही नाही. पहाटे बंबात पिशव्या जाळून आपण नातवंडांच्या छातीत विष भरतोय.

आणखी एक. बादल्या वेगळ्या करायचं काम बायकांच्या गळ्यात पडेल आणि भाषण करायचं आमच्या, असं होता कामा नये. पंगतीत पुरुष वाढतात, तर बादल्याही पुरुषांनीच टाकीपर्यंत न्याव्यात.

गावोगाव बंद पडलेल्या टाक्या आम्ही पाहिल्यात. त्या फुटल्या म्हणून क्वचितच बंद पडतात, बहुतेक उपाशी राहिल्या म्हणून बंद पडतात. उद्घाटनाला नारळ फोडायला शंभर माणसं, आणि महिन्यानं बादली ओतायला एक नाही. यावर उपाय आपल्या संप्रदायातच आहे. सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. रात्री दोनला झोपेनं डोळे मिटत असले तरी पहारेकरी उभा राहतो, आणि दुसरा आल्याशिवाय गळ्यातला विणा काढत नाही. चाळीस घरं म्हणजे चाळीस पहारे. एका घराला चाळीस दिवसांतून एकदा पाळी येते. विण्याचा पहारा जशा वहीत लिहितो तसा टाकीचा पहारा त्याच वहीत लिहा, देवळाच्या खांबाला लावा, आणि ज्याची पाळी चुकेल त्याला चोपदारांनी विचारावं. पहिल्या दिवसाला आमचं नाव घाला. नव्वद-पंच्याण्णव वर्षांचा आपला विणा सांभाळणाऱ्या गावाला एक टाकी सांभाळणं अवघड नाही.

आषाढीला निघण्याआधी समितीची बैठक आहे. तिथं कमान आणि टाकी दोन्हींचा विचार व्हावा, आणि टाकीचा आधी व्हावा, एवढीच या सभेपुढं विनंती.